शाई लावलेली गाठ

ये गं बाळे, अशी जवळ येऊन बस. आधी थोडं रागावून घेते, मग सांगायचं ते सांगते. आज्जीचा फोन मधेच ठेवून द्यायचा, ही कुठली रीत? ठेवलास तर ठेवलास, पण मी पुन्हा पुन्हा केला तेव्हा उचलायचा तरी. आईला मेसेज टाकतेस, "जेवले, बरी आहे." मला काही नाही. मी काय शेजारची बाई आहे?

हे कागदावर लिहिते आहे. तुला ही मराठी अक्षरं वाचता येत नाहीत, ठाऊक आहे मला. मलाही ती कुणी शिकवली नाहीत. शाळा झाली ती तमिळमधली, तीही अर्धीच. सासऱ्यांची जुनी पोथी उघडायची, तोंडपाठ असलेलं म्हणत जायचं आणि एकेका अक्षरावर बोट ठेवत जायचं, अशी शिकले. तंजावरात आता आपल्या किती घरांत ही अक्षरं उरली आहेत? असो. तुझा बाप तिकडे तुझ्याकडे येतो आहे, तोच वाचून दाखवील. नको तिथं तो भराभर पुढे पळेल, त्याची ती लहानपणापासूनची खोड. त्याला सांग, अप्पा, एक ओळसुद्धा सोडायची नाही.

पोंगलला तू आली होतीस तेव्हा समोर नव्यानं राहायला आलेल्या मामी आपल्याकडे आल्या होत्या. तुझ्या कानामागचं यंत्र बघून त्यांनी विचारलं, "पोरीला काय झालं हो?" मी पटकन म्हणाले, "लहानपणी फार ताप आला होता, त्यातनं राहिलं." तू पाठमोरी मुरुक्क्याच्या चकल्यांचा डबा उघडत होतीस. मला वाटलं, तुला ऐकू जाणार नाही. म्हणजे बघ, मी कशावर भरवसा ठेवला! दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं तू चेन्नईला निघून गेलीस, आणि परवा फोनवर म्हणालीस, "आज्जी, तुला माझी लाज वाटते. मी आता नाही यायची."

लाज वाटते गं. ते काही खोटं नाही. पण ती कुणाची वाटते, ते तुला नीट सांगायला हवं. तुला त्यातलं निम्मं आठवत नसेल, आणि उरलेलं निम्मं घरात कुणी मोठ्यानं बोलत नाही.

तू तिसरीत होतीस. त्या वर्षी एकाएकी ताडमाडासारखी वाढलीस, पावाडैचा परकर दर दोन महिन्यांनी आखूड व्हायचा. एका सकाळी न्हाणीघरातून हाक मारलीस, "आज्जी, मला कुठं लागलंय का बघ." तुझी आई पापनाशमच्या ऑफिसला गेली होती, तिची बस सकाळचीच. घरात मी एकटी. मी बघितलं, आणि तुला सांगते, मला हसू फुटलं. आनंदानं. माझ्या पोटी तीन पोरगे. या घरात हळदीचं न्हाण कधी झालंच नव्हतं. दुसऱ्यांच्या पोरींच्या डोक्यावर मी तांब्या-तांब्यानं हळदीचं पाणी ओतून आले होते. आपल्या घरची कधी मोठी होईल, हे मनात असायचंच.

संध्याकाळी तुझी आई आली. ऐकलं, आणि खाली बसली.

"अम्मा, ती आठ वर्षांची आहे. मी उद्या डॉक्टरकडे नेते."

"डॉक्टरकडे न्यायला हा आजार आहे का? हल्लीच्या पोरींना लवकरच येतं. पाकिटातलं दूध, ते ब्रॉयलर..."

"आपल्या घरात ब्रॉयलर कुठं येतं?"

"रस्त्यावरून वास तर येतो की!"

तुझा बाप हसला. मीही हसले. त्या हसण्यात तिचं बोलणं बुडून गेलं. नंतर ती पुन्हा म्हणाली, झोपताना म्हणाली, सकाळी म्हणाली. मी म्हणाले, आधी न्हाण होऊ दे, चांगला दिवस बघून मामाला कळवू दे, मग ने कुठं न्यायचं तिथं.

मग काय, माझा उत्साह विचारू नकोस. हॉलच्या कोपऱ्यात झावळ्यांचा आडोसा केला, तुझं ताट-पेला वेगळा ठेवला. आणि रोज सकाळी कळी. उडदाचं पीठ, काळा गूळ आणि तिळाचं तेल, चमच्यावरून ओघळेल इतकं. आपल्यात मुळात ही चाल नव्हती म्हणतात, पण इथं इतक्या पिढ्या राहिल्यावर त्यांचं काय आणि आपलं काय! मोठ्या झालेल्या पोरीला कळी द्यायची, तिची कंबर मजबूत होते. तू पहिलाच घास घेऊन म्हणालीस, "आज्जी, हे ऑटोच्या चाकाला लावतात ते ग्रीस आहे का?" मी तुझ्या डोक्यात टपली मारली आणि दुसरा घास भरवला.

तुझं पोट दिसायला लागलं. मी गल्लीत सांगत सुटले, कळी अंगी लागली बघा पोरीच्या! कुणी कौतुकानं बघायचं, कुणी टोमणा मारायचं, "काय घालता हो खायला, तिसरीतली पोर मोठी झाली!" मला टोमणाही गोड लागायचा.

मग तू पोट दुखतं म्हणालीस. मी म्हणाले, वायू धरलाय. एरंडेल कोमट करून तुला चटईवर निजवलं आणि पोट चोळलं. बेंबीच्या खाली, जरा उजव्या अंगाला, हाताला कडक लागलं. सोललेल्या नारळासारखं. बोटाखाली सरकत होतं. मळ बसलाय असं वाटलं मला. मी दाबून दाबून तो खाली उतरवायला बघत होते. तू म्हणालीस, "आज्जी, हळू." मी म्हणाले, "हळूच करतेय." दुसऱ्या सकाळी पुन्हा चोळलं, तिसऱ्या सकाळीही. ते हातांना अजून आठवतं. वांगं चिरताना आठवतं, गोधडी झटकताना आठवतं.

न्हाणाच्या दिवशी ओरत्तनाडूहून तुझा मामा आला. ताटांत सीर घेऊन, म्हणजे मामानं आणायची भेट, रेशमी पावाडै, बांगड्या, केळीचा घड, आणि तुझा फोटो छापलेला हा एवढा मोठा फ्लेक्स. तू त्याच्याकडे बघून म्हणालीस, "यात माझं नाक वाकडं आलंय." तेवढंच काय ते बोललीस. तुला पाटावर बसवलं. बायका एकेक करून हळदीचं पाणी ओतू लागल्या, आणि तू पुढं वाकलीस. आणखी वाकलीस. कपाळ गुडघ्याला लागलं. सगळ्या बायका हसल्या, "लाजली गं, लाजली!" एक म्हातारी म्हणाली, "पोरीला लाज शिकवावी लागत नाही, बघा." मी सगळ्यांत मोठ्यानं हसले.

तुझी आई दारातून बघत होती. ती पुढं आली, हनुवटी धरून तुझं तोंड वर केलं. तुझे ओठ पांढरे पडले होते. तिनं तुला तशीच उचलली, ओल्या केसांची, हळदीनं माखलेली, आणि रस्त्यावर जाऊन ऑटो थांबवली. मी पाटाशी तांब्या हातात घेऊन उभी.

दवाखान्यात पोहोचले तोवर स्कॅन झाला होता. पोटात मोठी गाठ, उजव्या बाजूच्या अंडाशयाची. पोटात रक्तमिश्रित पाणीही साठलेलं. ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरांनी सगळं विचारलं. किती दिवस दुखतंय, खाते काय, आणि मग, "पोटाला तेल-बिल लावून कुणी चोळलं का?"

तुझ्या आईनं माझ्याकडे बघितलं नाही. म्हणाली, "माझ्या सासूबाईंनी. रोज."

रोज नव्हतं. तीनच सकाळी. पण ते कुठल्या तोंडानं म्हणू? डॉक्टरांनी लिहून घेतलं. आजूबाजूला नर्स, आणखी दोघी बायका, तुझा मामा. भिंतीला टेकून मी जी उभी राहिले, ती अजून तिथंच उभी आहे असं कधी कधी वाटतं.

गाठ काढली, ते अंडाशयही काढलं. दुसरं चांगलं होतं, ते ठेवलं. डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, गाठ तपासणीला पाठवली आहे, ती कुठल्या जातीची ते तिथं कळेल. आणि तिचं वरचं आवरण शाबूत होतं की फुटलेलं, तेही तिथंच नीट कळेल. शाबूत असेल तर नुसतं लक्ष ठेवूनही कधी कधी भागतं. फुटलं असेल तर आतलं पोटात सांडलं असं धरायचं आणि कडक औषधं द्यायची. मी तेवढंच ऐकलं. पुरणपोळी लाटताना कड फुटली तर पुरण तव्यावर येतं, तसं. आणि लाटणारी मी.

ते दिवस मी आणि तुझी आई एकाच बाकावर बसून काढले. ती माझ्याशी बोलत नव्हती. एकदा माझ्यासाठी कॉफी आणून दिली, त्यात साखर नव्हती. विसरली की मुद्दाम, ते मी विचारलं नाही. प्याले तशीच.

गाठी तपासणारी डॉक्टर तुझ्या आईची शाळेतली मैत्रीण निघाली. मी तिच्या दाराशी जाऊन उभी राहिले. ती म्हणाली, "पाटी, आत या. बसा." पाटी म्हणजे त्यांची आज्जी, तशी तिनं मला लगेच आज्जी करून टाकलं. मी म्हणाले, "आवरण फुटलं होतं का, तेवढं सांग."

तिनं तेवढंच सांगितलं नाही, सगळं सांगितलं. मला कळेल अशा बेतानं, तमिळमध्ये. गाठ आली की आधी तिला बाहेरून सगळीकडून शाई लावतात. मग कापतात, फणसाच्या चकत्या कराव्यात तसं. शाई कशाला? तर नंतर कुठलाही बारीक तुकडा काचेवर घेतला तरी बाहेरची कड कुठली ते कळावं म्हणून. शाबूत आवरण असेल तर शाई वरच्या वर राहते. इथं एका बाजूला चीर होती, बोटाच्या पेरभर, आणि शाई त्या चिरेतून आत उतरली होती.

"म्हणजे फुटलं होतं."

"हो, पाटी."

"कापताना फुटलं असेल, ऑपरेशनमध्ये?"

तिला खोटं बोलता आलं असतं. म्हणाली, "पोट उघडलं तेव्हाच आत रक्ताचं पाणी होतं. आणि चिरेच्या कडेला रक्त गोठून भरून यायला लागलं होतं. म्हणजे थोडं आधीचं."

मग तिनं मला दुर्बिणीत बघायला बोलावलं. मी चष्मा काढला, पुन्हा घातला. गुलाबी-जांभळं जाळं, लेस विणावी तसं. मधे मधे गोल फुलं, प्रत्येक फुलाच्या मधोमध रक्तवाहिनीचा एक बारीक देठ आणि भोवती पेशींची माळ. दारातला रांगोळीचा कोलम वरून बघावा तसं दिसत होतं. मला ते छान वाटलं गं. तुझ्या जिवावर उठलेलं ते, आणि माझ्या तोंडातून "अय्यो, किती सुंदर!" असं निघून गेलं. त्याचीही लाज वाटते.

ती म्हणाली, बाळ आईच्या पोटात अगदी ठिपक्याएवढं असतं तेव्हा त्याच्या शेजारी एक पिशवी असते, अंड्यातल्या बलकासारखी. ज्या पेशींतून पुढं लेकरं व्हायची असतात, त्या या पिशवीच्या भिंतीपाशी आधी दिसतात, आणि तिथून चालत चालत आपल्या जागी जातात. तुझी एक पेशी जागी पोचली, पण आपलं काम विसरली. ती पुन्हा ती पिशवीच बनवत बसली, नुसती वाढत राहिली. लहान पोरांत अशी गाठ क्वचित होते. आणि तुझ्या गाठीत आणखी एक जात मिसळली होती, ती त्याहून विरळ, बाळंतपणातल्या वारेसारख्या पेशींची. त्या पेशी एक रस सोडतात. त्या रसानं तुझ्या अंगाला खोटं कळवलं, की तू मोठी झालीस. तू मोठी झालीच नव्हतीस, बाळे. मी एका गाठीचं न्हाण केलं. गाठीला कळी भरवली, गाठीसाठी मामाकडून सीर आणवलं, आणि गल्लीभर तिचं कौतुक केलं.

मी तिला विचारलं, "चीर माझ्या हातानं पडली का?"

ती काच पुसायला लागली. म्हणाली, "पाटी, गाठ कसली ते काच मला सांगते. कुणाच्या बोटानं काय झालं, ते काचेवर दिसत नाही. या गाठी फार वेगानं वाढतात, कधी कधी आपोआपही फुटतात." मग म्हणाली, "दिसलं असतं तर तुम्हाला सांगितलं असतं का, तेही मला ठाऊक नाही."

तुला औषधं सुरू झाली. केस गेले, ते तुला आठवत असेल. तू सगळ्यांना तिरुपतीला जाऊन आले म्हणून सांगायचीस आणि नर्सला म्हणायचीस, "लाडू विसरला गाडीत." दर वेळी रक्त तपासायचे आणि त्यातली गाठीची खूण उतरत गेली, शेवटी बरोबर झाली. तू वाचलीस. औषध देणाऱ्या डॉक्टरांनी मला एकदा सांगितलं, ती दुसरी जात होती म्हणून औषध बहुधा द्यावंच लागलं असतं, चीर नसती तरी. तो "बहुधा" मी घरी घेऊन आले. इतकी वर्षं तो धरून बसते, आणि हातात काही राहत नाही.

आणि मग ती दाराची बेल. चिमणीसारखी चिवचिवणारी नवी बेल तुझ्या बापानं बसवली होती. तू तिच्याखालीच बसून चित्र रंगवत होतीस. बाहेरून तुझी आई वाजवते आहे, वाजवते आहे, आणि तू मान वर करत नाहीस. मी ओरडले, "बहिरी झालीस का गं?" अशीच ओरडले, नेहमी ओरडते तशी. तू माझ्या तोंडाकडे बघून म्हणालीस, "काय वाजलं?" त्या औषधानं कानातले बारीक आवाज नेले होते. आधी सांगितलं होतं डॉक्टरांनी, होऊ शकतं म्हणून.

आता कळलं का, ताप कुठून आला? तुझ्या कानाचं कुणी विचारलं की औषधाचं सांगावं लागतं, औषध म्हटलं की गाठ, गाठ म्हटली की कळी, तेल आणि तो पाट. एवढं सगळं शेजारणीपुढे कोण काढणार? म्हणून मी तेव्हापासून गल्लीत ताप म्हणाले. एकदा म्हणाले, दुसऱ्यांदा म्हणाले, मग तो तोंडात बसला. माझी अब्रू मी तुझ्या कानामागं लपवली, आणि तू समजलीस की तुलाच लपवते आहे. तसं समजणार नाहीस तर काय करशील?

तुझी आई इतक्या वर्षांत ते एकदाही काढून बोलली नाही. मी कधी काढलं तर म्हणते, "अम्मा, जाऊ दे, पोर आहे ना समोर." ते "जाऊ दे" मला शिवीपेक्षा जड जातं. तिनं त्या पहिल्या संध्याकाळी नेली असती तर... ती म्हणत होती ना. मी हसवून घालवलं.

काल मी समोरच्या मामींकडे गेले. ओट्यावरच बसले आणि म्हणाले, मामी, तो ताप-बिप काही नव्हता. आणि सांगितलं, पाटापर्यंत सगळं. तेलाचंही सांगितलं. त्या ऐकत राहिल्या. मला वाटलं होतं, म्हणतील, तुम्ही तरी काय करणार. तसं काही म्हणाल्या नाहीत. माझ्या हातांकडे बघितलं त्यांनी. मी ते पदराखाली घेतले नाहीत, तसेच मांडीवर ठेवले. मग त्यांनी विचारलं, "आता लग्नाचं कसं करायचं पोरीचं?" मला राग आला गं! म्हणाले, "तुमच्या पोराचं आधी जमवा, तीन वेळा पत्रिका परत आली त्याची." हे बोलायला नको होतं, पण बोलून गेले. तू असतीस तर हसली असतीस.

आता गल्लीला कळलंच आहे म्हणून समज. मामींना सांगितलं म्हणजे पाण्याच्या टाकीपर्यंत पोचलं. तू आलीस की कुणी ना कुणी विचारेल. तू सांग काय सांगायचं ते, तमिळमध्ये सांग, इंग्रजीत सांग, हवं तर माझं नाव घेऊन सांग. मी शेजारी बसेन आणि तोंड उघडणार नाही. सांगायचं नसलं तर नको सांगूस, तेही तूच ठरव. आणि मला काही विचारायचं राहिलं असेल, त्या तेलाबद्दल, कशाबद्दलही, तर समोर बसून विचार. मला फोनवर तुझा चेहरा दिसत नाही, आणि तुला माझे ओठ दिसत नाहीत.

तुझा बाप हे वाचताना मधेच थांबला असेल, तर त्याला पाणी दे. आणि पिशवी भर. या रविवारी जमत नसेल तर पुढच्या रविवारी, पण त्यापलीकडे ढकलू नकोस. स्टेशनवर मी येईन, आधीच येऊन बसेन. ये गं, लवकर ये.